सेन्सर मधेच गायब होतो? आधी बघा, तो कधी गायब होतो

रविवारी पन्हाळ्याहून उतरून आलं की सायकलच्या ग्रुपवर आधी फोटो पडतात आणि मागोमाग एक ठरलेला मेसेज येतो: "कॅडन्स परत शून्य दाखवायलाय, सेन्सर गेला वाटतं. नवीन कुठला घेऊ?" मग तो सेन्सर कुणाच्या तरी डिकीतून माझ्या टेबलावर येऊन पडतो. नवीन मागवण्याआधी हे वाचा. बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो. गडबड फोनच्या सेटिंगमध्ये, शंभर रुपयांच्या आतल्या सेलमध्ये, नाहीतर एखाद्या सैल रबरात सापडते.

हे सगळं ब्लूटूथवर चालणाऱ्या तीन वस्तूंबद्दल आहे: चाकाच्या हबवरचा (मधल्या गाभ्यावरचा) स्पीड सेन्सर, क्रँकवरचा, म्हणजे पॅडलच्या दांड्यावरचा, कॅडन्स सेन्सर (मिनिटाला पॅडलच्या किती फेऱ्या होतात ते मोजणारा) आणि छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा. तिन्ही थेट स्मार्टफोनला जोडलेले, मध्ये वेगळा सायकल कॉम्प्युटर नाही. पॉवर मीटरचं (पॅडलवर किती ताकद लावताय ते मोजणाऱ्या यंत्राचं) प्रकरण निराळं, त्याबद्दल शेवटी.

लक्षणं

- अ‍ॅपमध्ये सेन्सर सापडतच नाही. किंवा काल सापडला, आज नाही.
- जोडला जातो, पण स्क्रीन बंद करून फोन खिशात टाकला की थोड्या वेळाने आकडे थांबतात. फोन बाहेर काढून बघितला की परत सुरू!
- फोन हँडलवर असला की ठीक, जर्सीच्या मागच्या खिशात टाकला की तुटक तुटक.
- घरी स्टँडवर नीट चालतो, रस्त्यावर खड्डा लागला की तुटतो.
- एकट्याने गेलं की बरोबर, ग्रुपमध्ये गोंधळ. तुम्ही केर्लीला चहा पीत उभे आणि अ‍ॅप कॅडन्स ८५ दाखवतंय.
- आकडे येतात पण भलतेच. अंतर प्रत्येक राईडला मित्रांपेक्षा कमी भरतं, किंवा जोरात पॅडल मारत असताना वेग १० च्या आसपास अडकलेला.
- सेल बदलल्यापासून बिघडलाय.
- पट्टा पहिली दहा मिनिटं काहीच्या बाही दाखवतो आणि मग आपोआप सुधारतो.

यातलं आपलं कुठलं ते नक्की करा. "चालत नाही" एवढ्यावर काहीच कळत नाही. कधी चालत नाही हे कळलं की अर्धं काम झालं. ठरावीक वेळाने बंद पडत असेल तर संशय फोनवर, धक्क्यावर बंद पडत असेल तर सेलवर, खिशावर अवलंबून असेल तर सिग्नलवर, आणि माणसांवर अवलंबून असेल तर जोडणीवर. खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्यापासून सुरू होतात. क्रम मोडू नका. मधलं गाळून थेट शेवटाकडे उडी मारणाऱ्यांचे सेन्सरच माझ्याकडे जास्त येतात.

सेन्सर जागा आहे का

सेल वाचवण्यासाठी हे सेन्सर काही मिनिटं हालचाल नसेल तर झोपतात, आणि झोपलेला सेन्सर कुठल्याही अ‍ॅपला दिसत नाही. सोफ्यावर बसून "सर्च" दाबत राहिलात तर तासभरही काही सापडणार नाही. चाक फिरवा, क्रँकला चार-पाच फेऱ्या द्या आणि ते फिरत असतानाच शोधा. बऱ्याच सेन्सरचा छोटा दिवा जागं होताना लुकलुकतो. पट्ट्याचं तसंच आहे: तो छातीला लागल्याशिवाय जागा होत नाही, टेबलावर ठेवून शोधण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या कुणी धरून ठेवलाय का

"काल सापडला, आज नाही" याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. सेन्सर दोन भाषांत बोलतात, ब्लूटूथ आणि अँट प्लस. अँट प्लस म्हणजे आकाशवाणी, ज्याच्याकडे रेडिओ असेल त्या सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येते. ब्लूटूथ म्हणजे फोन कॉल. पुष्कळ सेन्सर, विशेषतः जुने आणि स्वस्तातले, एका वेळी एकच कॉल घेतात. नवे काही दोन-तीन घेतात. आयफोनमध्ये अँट प्लस नाहीच, आणि अँड्रॉइडमध्येही ते मोजक्याच मॉडेलमध्ये आलं. त्यामुळे फोनवाल्यांची गाठ बहुधा ब्लूटूथशीच.

मग तो कॉल कुणी घेतलेला असतो? घरातला जुना फोन, ज्यात ते अ‍ॅप अजून आहे. पावसाळ्यात घरी ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) वापरलेला लॅपटॉप. त्याच फोनमधलं दुसरं अ‍ॅप, जे "एकदा बघू" म्हणून टाकलं होतं. ही सगळी आधी बंद करा, जुन्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, मग शोधा.

आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक जण करतो: फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन, इअरफोन जोडतो तसा सेन्सर जोडून ठेवतो. तिथे जोडायचा नसतो. जोडणी फक्त राईडच्या अ‍ॅपच्या आतून करायची. सेटिंगमधल्या यादीत सेन्सरचं नाव दिसत असेल तर "फरगेट" करा, विमान मोड दहा-वीस सेकंद चालू करून बंद करा, आणि अ‍ॅपमधून नव्याने जोडा.

ग्रुपमध्ये होणारा घोळ याचाच भाऊ आहे. एकाच कंपनीचे पाच सेन्सर शिवाजी पुलावर जमलेले असताना "सर्च" दाबलं तर यादीत पाच सारखी नावं येतात, आणि पहिलं दिसलं ते आपलं समजून जोडलं जातं. पुढचा सगळा रस्ता तुम्ही दुसऱ्याचा कॅडन्स मोजता, आणि तो पुढे निघून गेला की तुमचा "सेन्सर तुटतो". नवीन सेन्सर घरी, एकट्याने, बाकी काही चालू नसताना जोडा. सेन्सरच्या पाठीवर किंवा सेलच्या झाकणाआड छापलेला क्रमांक अ‍ॅपमधल्या नावाशी ताडून बघा आणि फोनमध्ये लिहून ठेवा.

परवानग्या

अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये ब्लूटूथ उपकरणं शोधायला लोकेशनची परवानगी लागते आणि लोकेशन चालूही असावं लागतं. लोकांना वाटतं सेन्सरचा आणि लोकेशनचा काय संबंध, म्हणून ते बंद ठेवतात, आणि यादी रिकामी येते. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून यासाठी "निअरबाय डिव्हायसेस" नावाची वेगळी परवानगी आली. फोन अपडेट झाल्यानंतर सेन्सर दिसेनासा झाला असेल तर आधी इथे बघा. आयफोनवर आयओएस १३ पासून प्रत्येक अ‍ॅपला ब्लूटूथची परवानगी वेगळी द्यावी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत "नको" दाबलं असेल, तर ते नंतर परत विचारत नाही. सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करायचं.

स्क्रीन बंद झाली की आकडे बंद

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतली सगळ्यात मोठी रांग इथली, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडचे बहुतेक अँड्रॉइड फोन बॅटरी टिकावी म्हणून मागे चालणारी अ‍ॅप्स स्वतःहून मारतात किंवा झोपवतात. शाओमी, ओप्पो, व्हिवो, रिअलमी यांच्या फोनमध्ये हे जास्त कडक असतं, सॅमसंगमध्ये "स्लीपिंग अ‍ॅप्स" नावाने असतं. तुम्ही राईड सुरू करता, स्क्रीन बंद करता, फोन खिशात. थोड्या वेळाने फोनला वाटतं की हे अ‍ॅप कुणी बघत नाही, मग कशाला चालू ठेवा. तो ब्लूटूथची जोडणी सोडतो. वाघबीळच्या वळणावर तुम्ही फोन काढून बघता, अ‍ॅप जागं होतं, सेन्सर पुन्हा जोडला जातो, आणि तुम्हाला वाटतं सेन्सर "मधेच येतो, मधेच जातो". राईडचा आलेख बघा: आकडे तुटलेल्या जागा आणि तुम्ही फोन हातात घेतलेल्या जागा जुळल्या, तर सेन्सरला हातही लावू नका.

करायचं ते असं. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर जा, बॅटरीचा भाग उघडा आणि "नो रिस्ट्रिक्शन्स" किंवा "अनरिस्ट्रिक्टेड" निवडा. "ऑटोस्टार्ट" असा पर्याय असेल तर चालू करा. लोकेशनची परवानगी अ‍ॅप वापरताना तरी पूर्ण, म्हणजे "प्रिसाइज" ठेवा. अलीकडे उघडलेल्या अ‍ॅपच्या यादीत त्या अ‍ॅपवर कुलूप लावायची सोय असेल तर लावा. आणि एकूण फोनचा बॅटरी सेव्हर राईडच्या वेळी बंद. चार्ज वीस टक्क्यांवर आला की बऱ्याच फोनमध्ये तो आपोआप चालू होतो, त्यामुळे "पहिले तीस किलोमीटर ठीक, परतीला बंद" असं लक्षण असेल तर सेन्सर नाही, फोनचा चार्ज बघा. गगनबावड्याला जाऊन यायचं असेल तर पॉवर बँक सोबत ठेवा. एका टप्प्याला पन्नासहून जास्त किलोमीटर आहेत, आणि जीपीएस, मोबाईल डेटा आणि ब्लूटूथ तिन्ही चालू असताना जुना फोन तेवढा दम धरत नाही.

फोन कंपनीचं अपडेट आलं की यातली काही सेटिंग पूर्वीसारखी होतात. "मागच्या महिन्यात तर केलं होतं" म्हणून ही तपासणी टाळू नका.

अ‍ॅपला हे जमतं का

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण काही जण महिनोन्‌महिने अशा अ‍ॅपमध्ये कॅडन्स सेन्सर शोधत असतात ज्यात ती सोयच नाही. स्ट्राव्हाच्या फोन अ‍ॅपमधली सेन्सर जोडणी ऑक्टोबर २०१९ मध्ये काढली गेली. २०२० मध्ये हार्ट रेटचा पट्टा परत आला, स्पीड-कॅडन्स मात्र त्याच्याबरोबर आले नाहीत. ज्यांना सगळं स्ट्राव्हावरच बघायचंय त्यांनी राईड दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नोंदवावी, उदाहरणार्थ राईड विथ जीपीएस, सायकलमीटर किंवा वाहूचं अ‍ॅप, आणि ती तिथून आपोआप स्ट्राव्हावर जाईल अशी जोडणी करावी.

आता दोष सेन्सरकडे की अ‍ॅपकडे, हे एका फुकटच्या चाचणीने कळतं. "एनआरएफ कनेक्ट" नावाचं अ‍ॅप घ्या. ते आसपासची सगळी ब्लूटूथ उपकरणं आणि प्रत्येकाच्या सिग्नलचा जोर दाखवतं. जोर उणे आकड्यात असतो: उणे ५० ते ६० म्हणजे खणखणीत, उणे ९० च्या खाली म्हणजे जेमतेम. राईडचं अ‍ॅप पूर्ण बंद करा, क्रँक फिरवा, फोन हातभर अंतरावर धरा.

सेन्सर खणखणीत दिसला तर तो जिवंत आहे. परवानगी, बॅटरीची सेटिंग किंवा अ‍ॅप यांपैकी एकात गोम आहे. अशक्त दिसला तर सेल. अजिबात दिसला नाही, तर तो कुणी धरलेला आहे, सेल संपलाय, किंवा मेलाय. या क्रमाने.

सेल

जवळजवळ सगळ्या सेन्सरमध्ये सीआर २०३२ हा नाण्यासारखा लिथियम सेल असतो. तो काढायच्या आधी एक गोष्ट: घरात लहान मूल असेल तर जुना आणि नवा दोन्ही सेल त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो. नुसता संशय आला तरी वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात.

त्या आकड्याचा अर्थ लक्षात ठेवण्यासारखा आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. शेजारचा सीआर २०२५ तेवढाच रुंद पण २.५ मिलिमीटर जाडीचा असतो. घड्याळाच्या दुकानात घाईच्या वेळी कधी कधी हाच हातात पडतो, "चालतंय की, बसतोय" म्हणून. बसतो खरा. टेबलावर चालतोही. पण आत थोडा ढिला राहतो आणि कळंब्याच्या रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्यात त्याचा संपर्क सुटतो. धक्क्यावर तुटणाऱ्या सेन्सरचं झाकण उघडून मी आधी सेलवरचा आकडा वाचतो.

मल्टिमीटर असेल तर लावा, पण त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. नवा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. ३ च्या खाली आला असेल तर बदला. अडचण अशी की लिथियम सेल मोकळा मोजला तर जवळजवळ संपेपर्यंत बरा आकडा दाखवतो. सेन्सरने सिग्नल पाठवायला झटक्यात करंट ओढला की मात्र व्होल्टेज खाली बसतं. थंडीत आतला रोध वाढतो, म्हणून डिसेंबरच्या पहाटे न जागणारा सेन्सर दुपारी उन्हात व्यवस्थित चालतो. हे लक्षण दिसलं की मीटर काहीही म्हणो, सेल बदला. रोज तासभर वापर धरला तर साधारण वर्षभर सेल टिकेल असं कंपन्या सांगतात. सायकल कारच्या मागच्या कॅरिअरवर लावून नेताना चाकं फिरत राहिली तर सेन्सर जागाच राहतो आणि तो हिशोब चुकतो.

काही सेलवर मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप असतो. त्या लेपामुळे काही उपकरणांत संपर्क नीट होत नाही. नवा कोरा सेल घालूनही सेन्सर मेलेलाच राहिला तर दुसऱ्या बनावटीचा, लेप नसलेला सेल घालून बघा.

सेल घालताना जुना काढून अर्धा मिनिट थांबा, म्हणजे आतला उरलेला चार्ज जाऊन सेन्सर नव्याने सुरू होईल. "+" वर. झाकण नाण्याने फिरवा, स्क्रू ड्रायव्हरने खाच मोडते. झाकणाखालचं काळं रबरी कडं जागेवर आहे ना बघा. ते पिळलं गेलं तर पहिल्याच पावसात पाणी आत.

सेल बदलल्यावर येडा झाला

आता एक मजेदार प्रकार. स्वस्तात मिळणारे बरेच सेन्सर दोन कामांचे असतात: तोच सेन्सर हबवर लावला तर स्पीड, क्रँकवर लावला तर कॅडन्स. काम बदलायची रीत अशी की सेल काढून परत घालायचा. म्हणजे तुम्ही साधा सेल बदलला आणि नकळत सेन्सरचं खातंच बदललं.

ओळखायचं कसं? क्रँकवरचा सेन्सर स्पीड मोडमध्ये गेला की तो क्रँकची प्रत्येक फेरी चाकाची फेरी समजतो. मिनिटाला ८० फेऱ्या, चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर, म्हणजे मिनिटाला १६८ मीटर, तासाला १० किलोमीटर. म्हणून तुम्ही रस्त्यावर २८ ने जात असता आणि अ‍ॅप १० वर अडकलेलं. उलट झालं, हबवरचा सेन्सर कॅडन्स मोडमध्ये गेला, तर २५ च्या वेगाला कॅडन्स २०० च्या जवळ दिसतो. असे आकडे माणसाचे नसतात. सेल काढा, परत घाला, दिव्याचा रंग बदलतो का बघा. कुठला रंग कुठल्या कामाचा हे कंपनीच्या कागदावर असतं. मग अ‍ॅपमधली जुनी नोंद पुसून नव्याने जोडा, कारण मोड बदलल्यावर काही सेन्सर वेगळ्या क्रमांकाने बोलतात.

अंतर कमी भरतं

स्पीड सेन्सर वेग पाठवत नाही. तो चाकाच्या एकूण फेऱ्या आणि शेवटच्या फेरीची वेळ पाठवतो. वेग आणि अंतर अ‍ॅप काढतं, तुम्ही दिलेल्या घेरावरून. घेर चुकीचा तर सगळंच चुकीचं, तेही प्रत्येक राईडला त्याच प्रमाणात. बऱ्याच अ‍ॅपमध्ये सुरुवातीला रोड बाईकचा २१०५ मिलिमीटर, म्हणजे ७०० बाय २५ च्या टायरचा घेर भरलेला असतो. ७०० बाय २८ ला २१३६, ७०० बाय ३२ ला २१५५ धरतात, २६ बाय २.१ ला २०६८, आणि २९ बाय २.१ च्या एमटीबीला (माउंटन बाईकला) २२८८. एमटीबीवाल्याने २१०५ तसाच ठेवला तर ५० किलोमीटरचे ४६ दिसतात.

कोष्टकापेक्षा मोजलेलं बरं. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह तळाला आणून फरशीवर खडूने खूण करा, सायकलवर बसा, कुणाला तरी धरायला सांगा आणि व्हॉल्व्ह पुन्हा तळाला येईपर्यंत सरळ पुढे सरका. दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. बसूनच मोजायचं, कारण वजनाने टायर दबतो आणि घेर थोडा कमी होतो.

अ‍ॅपमध्ये वेग जीपीएसवरून घ्यायचा की सेन्सरवरून, असाही पर्याय असतो. सेन्सर जोडून वेग जीपीएसवरूनच येत राहिला तर सेन्सरचा पैसा वाया. पन्हाळ्याच्या चढावर सहा-सातच्या वेगाने रखडताना जीपीएसला तुम्ही थांबलाय असं वाटतं आणि ऑटो पॉज लागतो, म्हणजे नोंद आपोआप थांबते. करूळ घाटात डोंगराच्या भिंतीलगत जीपीएसची रेघ दरीतून फिरून येते. चाकावरच्या सेन्सरला यातलं काहीच बाधत नाही.

खिसा, रबर आणि फट

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि पाणी ही लहर शोषून घेतं. आपलं शरीर म्हणजे मुख्यतः पाणीच. फोन जर्सीच्या मागच्या उजव्या खिशात, सेन्सर डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला: मध्ये तुम्ही, तुमचा घाम आणि फ्रेमची नळी. सिग्नल पोचतो तोच मुळात हिंदकळत. आधी फोन हँडलवरच्या होल्डरमध्ये किंवा टॉप ट्यूबच्या पिशवीत ठेवून एक राईड करा. तिथे नीट चालला तर डाव्या खिशात ठेवून बघा. बहुतेकांचं तेवढ्यात भागतं.

कानात ब्लूटूथ इअरफोन असेल तर तो काढून चाचणी करा. गाणी आणि सेन्सर दोन्ही फोनचा एकच रेडिओ वापरतात आणि साध्या फोनमध्ये त्याची ओढाताण होते. शिवाय ऊसाचा हंगाम चालू असताना राधानगरी रस्त्यावर मागून येणारा ट्रॅक्टर ऐकू यायलाच हवा.

सेन्सर बांधलेलं रबर उन्हाने कडक होऊन चिरतं. सैल रबरात सेन्सर हबभोवती घसरतो आणि वेग मधेच पडतो. जाड हबला मोठं रबर वापरा, डिस्क ब्रेकच्या पात्यापासून लांब ठेवा. क्रँकवर बांधला असेल तर क्रँक हाताने उलटा फिरवून बघा. चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) घासता कामा नये. जुना, लोहचुंबकवाला सेन्सर असेल तर चुंबक आणि सेन्सर यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर फट ठेवा आणि चुंबक सेन्सरवरच्या खुणेसमोरून जातोय ना बघा. स्पोकवरचा चुंबक सरकणं हे तर रोजचं.

पट्टा

सुरुवातीची दहा मिनिटं भलते आकडे येणं म्हणजे पट्टा कोरडा. विजेचा सूक्ष्म संकेत कातडीतून पट्ट्यात यायला ओल लागते. घाम फुटला की तो आपोआप सुधारतो. बांधण्याआधी आतल्या काळ्या पट्ट्या पाण्याने ओल्या करा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत उतारावर सैल जर्सी फडफडली की स्थिर विजेमुळे आकडा उसळतो, तेव्हा अंगाबरोबर बसणारी जर्सी घाला. राईड झाली की डबी (पट्ट्याला अडकवलेला सेन्सर) पट्ट्यापासून सोडवा. ओल्या पट्ट्याला अडकवून ठेवली तर तिला वाटतं अजून कुणी घातलाय, आणि सेल संपत राहतो. पट्टा धुवा, मीठ साचू देऊ नका. एवढं करूनही आकडे उड्या मारत असतील तर डबी बहुधा चांगलीच असते. नुसता पट्टा वेगळा विकत मिळतो.

पाणी

बऱ्याच सेन्सरवर आयपीएक्स ७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर खोल, स्थिर पाण्यात अर्धा तास. सर्व्हिसिंग सेंटरवरच्या पाण्याच्या गनच्या धारेचा त्यात काही संबंध नाही, ती चाचणीच वेगळी. चिखल माखलेली सायकल गनखाली धरायच्या आधी सेन्सर काढून ठेवा.

आत ओल दिसली तर सेल लगेच काढा, झाकण उघडं ठेवून दोन दिवस कोरड्या जागी ठेवा. हेअर ड्रायर नको, प्लॅस्टिक वाकतं. संपर्काच्या पत्तीवर हिरवट-पांढरा थर असेल तर कानात घालायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा. पत्ती दबली असेल तर लाकडी काडीने किंचित उचला. रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या; चेनचं ऑइल लावू नका.

इथे थांबा

थर पत्तीच्या पुढे जाऊन सर्किटवर पोचला असेल तर खरवडू नका. चांगला मोबाईल दुरुस्तीवाला साफ करून देऊ शकतो, पण आधी खर्च विचारा. साध्या सेन्सरला तो परवडत नाही, नवा घेतलेला बरा. सेन्सर वॉरंटीत असेल तर कुणालाही उघडू देऊ नका. ज्यांना सेलचं झाकणच नाही, जे आतून चिकटवलेले आहेत, ते ब्लेडने उघडायच्या भानगडीत पडू नका. आत चार्ज होणारा लिथियम सेल असतो आणि पातं लागलं तर पेट घेऊ शकतो.

इअरफोन, घड्याळ, गाडीचा स्टिरिओ, सगळंच तुटत असेल तर दोष फोनच्या ब्लूटूथमध्ये आहे. तो फोनवाल्याकडे न्या, सेन्सर घरी ठेवा.

पॉवर मीटरला सेल बदलणं आणि अ‍ॅपमधून झिरो ऑफसेट करणं (मोजमाप शून्यावर आणणं) यापलीकडे स्वतः काही करू नका. क्रँक काढायला योग्य पुलर आणि बसवायला टॉर्क रेंच लागतो. कमी-जास्त आवळलं तर आकडे चुकतात आणि क्रँकही जातो. तसंच सेन्सर बसवल्यावर चाक घासत असेल, हबमध्ये खडखड येत असेल, तर सायकल मिस्त्रीला दाखवल्याशिवाय घाट उतरू नका.

पट्टा सपाट रस्त्यावर १८०-१९० दाखवतोय आणि तुम्ही दमलेले नाही, तर उतरा, मनगटावर नाडी धरा, १५ सेकंद मोजा, चारने गुणा. नाडी ११० आणि पट्टा १९० असेल तर पट्ट्याचा दोष, वर सांगितलंय ते करा. नाडीही तेवढीच आली तर पट्टा खरं बोलतोय. राईड तिथेच संपवा आणि डॉक्टरांकडे जाऊन तो आलेख दाखवा. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर मोजत बसू नका, सोबतच्याला गाडी बोलवायला सांगून थेट दवाखाना गाठा.

वॉरंटीत पाठवायची वेळ आलीच तर सोबत एवढं लिहा: फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, अ‍ॅपचं नाव, सेन्सरचा क्रमांक, सेल नवा घातल्याची तारीख, आणि दुसऱ्या फोनवर तो दिसला की नाही. दुसऱ्या फोनचं उत्तर नसेल तर ते तेच परत विचारतात आणि आठवडा तिथेच जातो. सेल काढून ठेवा, पावतीचा फोटो आधी काढा.